व्याख्यान वर्गाबाहेर : विद्यापीठीय अध्यापनातील व्हिडीओ आणि पॉडकास्ट

विद्यापीठातील व्याख्यान मुद्रित करून इंटरनेटवरून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्याचे दोन मार्ग आज रूढ आहेत. चित्र व ध्वनी दोन्ही असलेले मुद्रण म्हणजे ऑनलाइन व्हिडीओ. केवळ ध्वनी असलेले, मालिकेच्या स्वरूपात भागाभागाने प्रसिद्ध होणारे आणि नोंदणी केलेल्या श्रोत्याच्या संगणकावर वा मोबाइलवर नवा भाग आपोआप उतरणारे मुद्रण म्हणजे पॉडकास्ट. तंत्र म्हणून या दोहोंतही आता नवल उरलेले नाही. कोणताही प्राध्यापक खिशातल्या मोबाइलवर तासाभराचे व्याख्यान मुद्रित करू शकतो आणि त्याच सायंकाळी ते जगापुढे ठेवू शकतो. मात्र गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव असा, की मुद्रण हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. मुद्रित व्याख्यान कोणाला ऐकू येते, कोणत्या भाषेत कळते, किती वर्षे टिकते आणि त्यावर हक्क कोणाचा, हे प्रश्न मुद्रणानंतर सुरू होतात. ते पुढे ढकलणाऱ्या एका नामवंत विद्यापीठाला वीस हजारांहून अधिक ध्वनिफिती आणि चित्रफिती एका निर्णयासरशी जनतेच्या नजरेआड कराव्या लागल्या.

घड्याळाशी बांधलेला वर्ग

दूरवरच्या विद्यार्थ्याला प्राध्यापक दाखविण्याची कल्पना इंटरनेटहून जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने जानेवारी १९७१ पासून बीबीसीवरून आपले पाठ प्रसारित करण्यास प्रारंभ केला. हे प्रसारण डिसेंबर २००६ पर्यंत चालले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उपक्रम सुरू केला. इन्सॅट-१बी उपग्रहाच्या साह्याने दूरदर्शनवरून उच्चशिक्षणाचे कार्यक्रम देशभर दाखविले जाऊ लागले. त्यांची निर्मिती निरनिराळ्या विद्यापीठांतील माध्यम केंद्रांत होत असे, आणि पुणे विद्यापीठाचे केंद्र त्यांपैकी एक होते. पुढे २००० साली ‘ज्ञानदर्शन’ वाहिनी आली आणि २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी असलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला.

या साऱ्या प्रयत्नांना एक मर्यादा होती. पाठ ठरलेल्या वेळी लागे आणि ठरलेल्या वेळी संपे. दुपारी महाविद्यालयात असणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला तो पाहता येत नसे. न समजलेले वाक्य पुन्हा ऐकण्याची सोय नव्हती. वीज गेली की व्याख्यानही गेले. ऑनलाइन व्हिडीओने आणि पॉडकास्टने घडविलेला मूलभूत बदल हाच, की थांबविणे, मागे नेणे आणि पुन्हा ऐकणे विद्यार्थ्याच्या हाती आले. भव्य पडदा किंवा झळाळते चित्र या गोष्टी त्यापुढे गौण आहेत.

आयपॉडपासून मोबाइलपर्यंत

पॉडकास्टमागील तंत्र साधे आहे. प्रकाशक एका छोट्या मजकूर-यादीत प्रत्येक भागाचे नाव, तारीख आणि ध्वनिफितीचा पत्ता लिहून ठेवतो. श्रोत्याकडील प्रणाली ठरावीक काळाने ती यादी तपासते आणि नवा भाग आढळल्यास उतरवून घेते. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातील एका लेखात बेन हॅमर्स्ली यांनी या प्रकारासाठी सुचविलेल्या नावांत ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द होता. पुढच्याच वर्षी ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’ने ‘पॉडकास्ट’ला वर्षाचा शब्द ठरविले.

विद्यापीठे यात किती उत्साहाने उतरली, याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे आहे. ऑगस्ट २००४ मध्ये या विद्यापीठाने प्रथम वर्षाच्या सुमारे १,६५० विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले. त्या वेळी या योजनेची चेष्टाही झाली. विद्यार्थ्यांना गाणी ऐकण्याचे यंत्र विद्यापीठाच्या खर्चाने मिळाले, अशी ती टीका होती. प्रत्यक्षात विद्यार्थ्यांनी शिक्षणासाठी सर्वाधिक वापर केला तो त्याला जोडलेल्या ध्वनिमुद्रण यंत्राचा. व्याख्याने, चर्चा आणि मुलाखती ते स्वतः मुद्रित करू लागले. परभाषा व संगीत या विषयांत ही साधने चांगली रुजली. दुसऱ्या वर्षापासून सरसकट वाटप बंद झाले आणि ज्या अभ्यासक्रमात त्यांचा उपयोग होता तेथेच ती देण्यात येऊ लागली. पुढे ॲपलने मे २००७ मध्ये विद्यापीठांच्या व्याख्यानांसाठी ‘आयट्यून्स यू’ हा स्वतंत्र विभाग सर्वांसाठी उघडला. तोही २०२१ च्या अखेरीस बंद झाला. व्यापारी कंपनीच्या मांडणीवर ठेवलेले ज्ञान त्या कंपनीच्या मर्जीइतकेच टिकते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ध्वनीचा मोठा गुण म्हणजे त्याचे हलकेपण. सेकंदाला ६४ किलोबिट या दराने मुद्रित केलेले एक तासाचे भाषण सुमारे २९ मेगाबाइट जागा घेते. निव्वळ बोलण्यासाठी त्याच्या निम्मा दरही चालतो. साधारण दर्जाचा, सेकंदाला ५०० किलोबिटचा व्हिडीओ तेवढ्याच वेळात सव्वादोनशे मेगाबाइटपर्यंत जातो. भारतात २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, तरी घरातील एकच फोन तीन भावंडांत फिरत असेल तर हा फरक आजही लहान नाही. शिवाय लोकलच्या गर्दीत उभ्याने पडदा पाहता येत नाही. ऐकता मात्र येते.

अर्थात सर्व विषय कानाने शिकता येत नाहीत. इतिहास, साहित्य, कायदा, अर्थशास्त्र, भाषा यांना पॉडकास्ट मानवतो. गणिताची सिद्धता किंवा विद्युत मंडल फळ्याविना समजावणे अवघड असते. वर्गातले बोलणे जसेच्या तसे मुद्रित केले की ‘हे इथून काढून इकडे आणले की ते नाहीसे होते’ अशी वाक्ये फितीत उरतात. ‘हे’ म्हणजे काय, ते फळ्यालाच ठाऊक. म्हणून अनुभवी प्राध्यापक संपूर्ण तास ध्वनिमुद्रित करण्याऐवजी पाच-दहा मिनिटांचे वेगळे निवेदन करतात. पुढील तासाची पूर्वतयारी, मागील तासातील अवघड जागा किंवा निबंधांवरील सामायिक अभिप्राय असे त्याचे स्वरूप असते. हे काम छोटे असले तरी विद्यार्थी ते खरोखर ऐकतात.

बर्कलेचा धडा

४ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एमआयटीने, आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य जगासाठी विनामूल्य खुले करण्याची घोषणा केली. ‘ओपनकोर्सवेअर’ या नावाने २००२ मध्ये पहिले ५० अभ्यासक्रम प्रसिद्ध झाले आणि २००७ च्या अखेरीस ही संख्या १,८०० वर गेली. त्यांतील बहुसंख्य अभ्यासक्रमांत व्हिडीओ नव्हते. टिपणे, गृहपाठ आणि प्रश्नपत्रिका होत्या. तरीही जगाच्या लक्षात राहिली ती व्याख्यानेच. गिल्बर्ट स्ट्रँग यांचे रेषीय बीजगणित भारतातील असंख्य अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी यूट्यूबवर पाहिले आहे. खडू, फळा आणि स्वतःशीच विचार करीत बोलणारा शिक्षक, एवढेच त्यात आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने वेगळा मार्ग धरला. प्रत्यक्ष वर्गात चाललेली व्याख्याने तेथे मुद्रित होत आणि थोड्याच वेळात इंटरनेटवर येत. ऑक्टोबर २००७ मध्ये या विद्यापीठाने संपूर्ण अभ्यासक्रम यूट्यूबवर ठेवले. सुरुवातीलाच सुमारे ३०० तासांची व्याख्याने होती. वर्गातल्या मुलांच्या सोयीसाठी केलेले मुद्रण कोणताही जादा खर्च न करता जगालाही मिळत आहे, असे त्याचे कौतुक झाले. त्या कौतुकातच पुढील अडचणीचे मूळ होते. जादा खर्च केलेला नसल्याने बहुतेक व्हिडीओंना सबटायटल नव्हते किंवा संगणकाने आपोआप तयार केलेले, चुकांनी भरलेले होते. ध्वनिफितींना लेखी संहिता नव्हती.

वॉशिंग्टन येथे गॅलॉडेट हे कर्णबधिरांसाठीचे विख्यात विद्यापीठ आहे. तेथील दोन कर्मचाऱ्यांच्या वतीने कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये तक्रार केली. जे व्याख्यान साऱ्या जगासाठी खुले म्हणून मिरविले जाते ते आम्हाला बंद आहे, असा तिचा आशय होता. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने बर्कलेला पत्र पाठवून ही सामग्री अपंग व्यक्तींना वापरता येत नसल्याने कायद्याचा भंग होत असल्याचे कळविले. आधीची सर्व व्याख्याने दुरुस्त करण्याचा खर्च आपल्याला झेपणारा नाही, अशी विद्यापीठाची भूमिका होती. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक ध्वनिफिती व चित्रफिती सार्वजनिक वापरातून काढून घेण्यात आल्या. त्यानंतर त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपुरत्या व कर्मचाऱ्यांपुरत्या उरल्या. मुक्त परवान्याचा आधार घेऊन काहींनी त्यांच्या प्रती वेळीच करून घेतल्या आणि अन्यत्र ठेवल्या.

या निर्णयावर मोठा वाद झाला. थोड्यांना वापरता येत नाही म्हणून सर्वांकडूनच काढून घ्यावे काय, असा एका बाजूचा सवाल होता. सबटायटल ही विद्यापीठाने करावयाची कृपा नसून पहिल्या दिवशीच करावयाचे काम होते, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दुसऱ्याचे वजन अधिक आहे. एखाद्या व्याख्यानाची संहिता त्याच आठवड्यात तयार करणे हे एका साहाय्यकाचे काम असते. दहा वर्षांची व्याख्याने साठल्यावर तोच खर्च कोणत्याही कुलगुरूला धडकी भरविणारा होतो. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये बर्कले व न्याय विभाग यांच्यात समझोता झाला आणि ऐकण्याची, पाहण्याची वा हातांची अडचण असलेल्या व्यक्तींना आपली विनामूल्य ऑनलाइन सामग्री वापरता येईल अशी व्यवस्था करण्याचे विद्यापीठाने मान्य केले.

भारतातील शिक्षणसंस्थांनी ही हकिगत परदेशातील म्हणून सोडून देण्याजोगी नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यातील ४२ वे कलम ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात उपलब्ध असावा, असे सांगते. सबटायटल, सांकेतिक भाषेतील निवेदन आणि दृश्याचे ध्वनिवर्णन यांचा त्यात उल्लेख आहे. महाविद्यालयांच्या यूट्यूब वाहिन्यांवर नजर टाकली तर या कलमाची आठवण फारशी कोणी ठेवलेली दिसत नाही.

संहितेचा लाभ केवळ कर्णबधिरांना होतो असेही नाही. इंग्रजी ऐकण्याची सवय नसलेला विद्यार्थी तीच संहिता वाचतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तासाभराच्या व्हिडीओत एक व्याख्या शोधणारा विद्यार्थीही लेखी मजकुरात ती क्षणात शोधतो. शिवाय भाषांतर करावयाचे झाले तर हाती काहीतरी लागते.

आयआयटींचा फळा गावोगावी

भारतात या क्षेत्रातील सर्वांत मोठे काम ‘एनपीटीईएल’ या प्रकल्पाने केले आहे. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास, गुवाहाटी व रुरकी येथील सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा हा संयुक्त उपक्रम. कल्पना १९९९ ची; केंद्र सरकारचा निधी मिळून काम सुरू झाले ते २००३ मध्ये. पहिल्या टप्प्यात अभियांत्रिकीच्या प्रमुख शाखांवर भर होता. तासाभराचे एक, अशी साधारण ४० व्याख्याने मिळून एक अभ्यासक्रम, असा नमुना ठरला.

या नमुन्यामागे विशिष्ट गरज होती. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि तितक्या वेगाने अनुभवी शिक्षक तयार होत नव्हते. त्यामुळे आयआयटीतील व्याख्यानाचा पहिला ग्राहक विद्यार्थ्याइतकाच तरुण शिक्षकही होता. आदल्या रात्री एनपीटीईएल पाहून दुसऱ्या दिवशी वर्गात तो भाग शिकविणारे अधिव्याख्याते अनेक झाले. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पूर्वीही चांगला शिक्षक चांगले पुस्तक वाचूनच वर्गात जात असे. इंटरनेट संथ होते त्या काळात ही व्याख्याने हार्ड डिस्कवर भरून महाविद्यालयांना दिली जात आणि तेथील अंतर्गत जाळ्यावरून पाहिली जात. पुढे यूट्यूबवर ती सर्वांना खुली झाली.

मार्च २०१४ पासून एनपीटीईएलने प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम सुरू केले. शिकणे विनामूल्य, प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षा, अशी ती योजना. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी ‘स्वयम् प्रभा’च्या ३२ दूरचित्रवाणी वाहिन्याही सुरू झाल्या, इंटरनेट नसलेल्यांसाठी जुन्या प्रसारणाला मिळालेला तो नवा अवतार होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्याची मुभा दिली आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. येथे व्हिडीओ पूरक साहित्य राहिला नाही. पदवीचा भाग झाला. मग तो कोणत्या भाषेत आहे, हा प्रश्न शैलीचा किंवा अस्मितेचा राहत नाही. तो गुणपत्रिकेचा होतो.

आवाज मराठी, पडदा इंग्रजी

मराठी माध्यमातून बारावी झालेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्गात बसतो तेव्हा त्याला विषय आणि भाषा या दोहोंशी एकाच वेळी झगडावे लागते. व्हिडीओ मागे नेता येतो ही त्याच्यासाठी मोठी सोय आहे. पण न कळणारे वाक्य दहादा ऐकले तरी कळेलच असे नाही. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिक्षणाला प्रारंभ झाला. एनपीटीईएलनेही व्याख्यानांच्या इंग्रजी संहिता तयार करवून त्यांची भारतीय भाषांत भाषांतरे करण्याचे काम हाती घेतले आहे. यंत्रानुवादामुळे या कामाला वेग आला असला तरी पारिभाषिक शब्दांपाशी जाणकार माणूस बसवावाच लागतो.

या संदर्भात आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पाचा विचार अधिक तपशिलाने करण्यासारखा आहे. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात पायथन, सायलॅब, लॅटेक, लिबरऑफिस, लिनक्स अशा मुक्त संगणक प्रणाली शिकविणारे छोटे दृक्श्राव्य पाठ आहेत. प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावर ती प्रणाली चालताना दिसते आणि मागे निवेदक बोलत असतो. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ व अर्ध्या पडद्यावर प्रत्यक्ष प्रणाली उघडावी आणि पाठ थांबवीत थांबवीत तीच कृती स्वतः करावी, अशी रचना आहे. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरूनच पाठ लिहिलेला असतो.

लिहिलेला हा शब्द येथे महत्त्वाचा. मुद्रणाआधी संपूर्ण संहिता लिहिली जाते. विषयातील तज्ज्ञ ती तपासतो. त्यानंतर विषय मुळीच ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडूनही ती तपासून घेतली जाते. ही दुसरी पायरी तज्ज्ञ मंडळींना नकोशी वाटणारी. पण पाठातील गाळलेल्या जागा सापडतात त्या तिथेच. ‘आता नेहमीप्रमाणे फाइल जतन करा’ असे तज्ज्ञ सहज लिहून जातो आणि नवख्याला ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काय, हेच माहीत नसते.

संहिता तयार असल्याने पाठ दुसऱ्या भाषेत नेणे सोपे होते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत या पाठांचे निवेदन उपलब्ध आहे. मात्र बदलतो तो केवळ आवाज. पडद्यावरील प्रणाली, तिची बटणे व आज्ञा इंग्रजीतच राहतात. नोकरीच्या ठिकाणी त्याच इंग्रजी पडद्यावर काम करावे लागणार असल्याने समजणे मातृभाषेत आणि हाताळणे इंग्रजीत, अशी ही तडजोड आहे. मराठीच्या अभिमान्यांना ती अपुरी वाटेल. चंद्रपूरच्या किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला मात्र ती पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. इंटरनेट नसेल तेथे पाठ सीडीवर वा पेनड्राइव्हवर नेता येतात.

पाहणे आणि शिकणे

व्हिडीओ पाहून विद्यार्थी खरोखर शिकतो काय, यावर संशोधन पुष्कळ झाले आहे. फिलिप गुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एडेक्स’ या व्यासपीठावरील सुमारे ६९ लाख पाहण्यांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. व्हिडीओ कितीही लांब असला तरी एका बैठकीतील पाहण्याचा मध्यम काळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. खर्चिक स्टुडिओतील मुद्रणापेक्षा प्राध्यापकाने आपल्या टेबलाशी बसून केलेले अनौपचारिक मुद्रण अधिक वेळ पाहिले जात होते. तयार पाटीपेक्षा हाताने लिहीत जाणारे अक्षर लक्ष अधिक धरून ठेवीत होते. लाखो रुपयांचा स्टुडिओ उभारण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्यांनी हे निष्कर्ष अवश्य वाचावेत. तेवढ्या पैशांत चांगले मायक्रोफोन अनेक येतात, आणि चित्र अंधुक असलेले चालते पण आवाज खरखरीत असलेला व्हिडीओ कोणी दोन मिनिटेही सहन करीत नाही.

अर्थात सहा मिनिटे हा मंत्र नव्हे. पाहणे म्हणजे शिकणे नव्हे, हे त्या नोंदी सांगू शकत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या प्रयोगाकडे वळावे लागते. कार्ल श्पुनार, नोव्हल खान व डॅनियल शॅक्टर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संख्याशास्त्रावरील ऑनलाइन व्याख्यानाचे चार तुकडे केले. काही विद्यार्थ्यांना प्रत्येक तुकड्यानंतर लहानशी चाचणी दिली, इतरांना दिली नाही. चाचणी देणाऱ्यांचे लक्ष कमी भरकटले, त्यांनी टिपणे अधिक घेतली आणि शेवटच्या परीक्षेत ते सरस ठरले. तुकडे दोन्ही गटांना सारखेच होते. फरक पाडला तो प्रश्नांनी.

टिपणांविषयीचा आणखी एक छोटा प्रयोग २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या फ्रेडोनिया शाखेतील संशोधकांनी प्रसिद्ध केला. एका गटाने मानसशास्त्राचे व्याख्यान वर्गात ऐकले, दुसऱ्याला तेच पॉडकास्टवर दिले. पॉडकास्ट गटाला सरासरी ७१ टक्के तर वर्गातील गटाला ६२ टक्के गुण मिळाले. ही बातमी ‘पॉडकास्ट प्राध्यापकाला हरवितो’ अशा थाटात गाजली. बारकाईने पाहता सरशी झाली होती ती पॉडकास्ट ऐकताना टिपणे काढणाऱ्यांची. नुसते ऐकणारे वर्गातील मुलांहून वरचढ ठरले नव्हते.

दुप्पट वेगाने व्याख्यान पाहण्याची सवय ही प्राध्यापकांची नवी डोकेदुखी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत २०२१ मध्ये झालेल्या प्रयोगात दुप्पट वेगापर्यंत आकलन फारसे घटले नाही. त्यापुढे मात्र ते घसरले. हे निष्कर्ष स्वतःच्या भाषेतील व्याख्यानाविषयीचे आहेत, हे विसरू नये. परभाषेत ऐकणाऱ्याला पाऊण वेगाचीही गरज पडते.

सर्वांत सुज्ञ उपयोग कदाचित वर्ग न टाळण्याचा आहे. माहिती सांगण्याचा भाग आधी व्हिडीओने द्यावा आणि वर्गातील वेळ उदाहरणे सोडविण्यास व शंकांना ठेवावा, ही ‘उलटा वर्ग’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत आहे. ती राबविणे सोपे नसते. विद्यार्थी व्हिडीओ न पाहता येतात, शिक्षक मग तेच पुन्हा सांगतो, आणि पुढील वेळी कोणीच पाहून येत नाही. ही साखळी तोडणारा शिक्षक वर्गाच्या सुरुवातीस दोन प्रश्न विचारतो आणि न पाहिलेल्यांसाठी थांबत नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे विद्यापीठे बंद झाली तेव्हा एका रात्रीत सारे शिक्षण पडद्यावर गेले. परंतु ते बहुतांशी वेळापत्रकातील तासच कॅमेऱ्यासमोर घेण्याच्या स्वरूपाचे होते. विद्यार्थ्याचा थांबविण्याचा आणि मागे नेण्याचा हक्क त्यात पुन्हा हरवला.

व्याख्यान कोणाचे?

जानेवारी २०२१ मध्ये कॅनडातील कॉन्कॉर्डिया विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याला कलेतिहासाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातील व्याख्याने फार आवडली. शंका विचारण्यासाठी प्राध्यापकांचा पत्ता शोधताना त्यांच्या मृत्यूची वार्ता त्याच्यासमोर आली. कॅनेडियन कलेचे नामांकित अभ्यासक फ्रांस्वा-मार्क गान्यों मार्च २०१९ मध्येच निवर्तले होते. अभ्यासक्रम दुसरे शिक्षक चालवीत होते, गृहपाठही तपासले जात होते; पण पडद्यावर शिकविणारा माणूस हयात नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना कोणी स्पष्टपणे सांगितली नव्हती. मृत लेखकाचे पुस्तक वाचताना कोणालाही विचित्र वाटत नाही. व्याख्यात्याविषयी ते का वाटावे, याचे उत्तर शोधू गेल्यास व्याख्यान आणि पुस्तक यांतील भेदच हाती येतो : व्याख्यानात प्रश्न विचारता येईल अशी अपेक्षा असते.

याला आर्थिक बाजूही आहे. एकदा मुद्रित झालेला अभ्यासक्रम संस्था वर्षानुवर्षे वापरू शकत असेल तर कंत्राटी अधिव्याख्यात्याची दरवर्षी गरज काय, हा विचार व्यवस्थापनाच्या मनात येणे अशक्य नाही. भारताच्या १९५७ च्या प्रतिअधिकार कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून निर्माण केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता असतो. म्हणजे लिहिलेल्या संहितेवर संस्था दावा सांगू शकते. दुसरीकडे हाच कायदा सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क देतो. सादरकर्त्याच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक, कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांच्या पंक्तीला व्याख्यान देणारी व्यक्तीही बसविलेली आहे. प्राध्यापकांना ही पंगत रुचो वा न रुचो, तिच्यामुळे त्यांच्या मुद्रित व्याख्यानावर ५० वर्षांचा हक्क त्यांना मिळतो.

मात्र हक्क कागदावर असणे आणि मुद्रणाआधी त्याविषयी लेखी करार असणे या भिन्न गोष्टी आहेत. व्याख्यान किती वर्षे वापरावयाचे, शिक्षक नोकरी सोडून गेल्यास काय करावयाचे, विषय जुना झाल्यास ते मागे घेण्याचा अधिकार कोणाला, सबटायटल व भाषांतर कोणी करावयाचे आणि मुद्रणात विद्यार्थ्यांचे आवाज वा चेहरे आले असल्यास त्यांची संमती घेतली आहे काय, एवढे मुद्दे त्या करारात असावे लागतात. एमआयटीने आपल्या साहित्यासाठी कॉपी करण्यास व बदल करण्यास मुभा देणारा, व्यापारी वापर वगळणारा परवाना आरंभीच ठरविला. त्यामुळे तेथील व्याख्यानांच्या प्रती जगभर पसरल्या आहेत. कॅमेरा सुरू करण्यापूर्वी हा कागद पुरा करण्यास दुपारभराचा वेळ लागतो. व्याख्याने साठल्यानंतर तोच कागद वकिलाकडे जातो.